सुधासाठी रडले, हे चुकलं का?

आदरणीय ताई,

मी नागपूरची, वय 54. आम्ही दहा-बारा जणी महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतो. आधी भिशी होती. हळूहळू पुस्तकांवर बोलणं सुरू झालं आणि भिशी मागे पडली. एकच पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं, असं ठरलेलं असतं. या वेळी पुस्तक सुचवायची पाळी माझी होती. मी धर्मवीर भारतींची 'गुनाहों का देवता' सुचवली. आमच्याकडे हिंदीची कुणालाच अडचण नाही. कॉलेजात असताना ही कादंबरी मी इतक्यांदा वाचली की कितीतरी संवाद तोंडपाठ होते. सीताबर्डीवरून घेतलेली तीच प्रत अजून कपाटात आहे.

बैठक माझ्याकडेच होती. दिवाळीला पुण्याहून आलेली माझी मुलगी (वय 26) हौसेनं कादंबरी वाचून बैठकीला बसली. मला वाटलं होतं, सगळ्यांना आवडेल. झालं भलतंच. आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'असली पुस्तकं मी मुलींच्या हाती कधी पडू दिली नाहीत. समाजाला यातून मिळतं काय?' एक जण म्हणाली, त्या चंदरला दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. दोघीतिघी मात्र शेवट आठवून तिथेच रडल्या. मीही रडले. त्यावर मुलगी म्हणाली, 'एका मुलीचा बळी गेलाय आणि तुम्ही त्याला प्रेम म्हणून रडताय.' लेखकाच्या संसाराबद्दल फोनवर वाचलेलं काहीबाहीही तिनं सांगितलं. मी म्हटलं, 'आमच्या काळी असंच असायचं गं.' तर ती सगळ्यांसमोर म्हणाली, 'म्हणजे तूही सुधाच का, आई?' कुणी काही बोलेना. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

ती पुण्याला परत गेली. फोन होतात, पण जेवलीस का, बरी आहेस का, एवढंच. गटातल्या दोघी एकमेकींशी नीट बोलत नाहीत. यजमान म्हणतात, एका पुस्तकापायी एवढं काय! मी कादंबरी पुन्हा उघडली तर मलाही काही पानं खटकली आणि त्याचं तर फारच वाईट वाटलं. माझी आवडच चुकीची होती का? गट चालू ठेवावा का? आणि मुलीशी काय बोलू?

— एक वाचक, नागपूर


प्रिय मैत्रिणी,

'एका पुस्तकापायी एवढं काय' हे मला पटत नाही. कॉलेजच्या वयात जे पुस्तक उशाशी घेऊन झोपलो, त्याला कुणी नावं ठेवली की ती जिव्हारी लागतात. ठेवणारी पोटची पोर असली की जास्तच. तेव्हा तुम्हाला लागलं यात अवाजवी काही नाही. मी आधी पुस्तकाबद्दलच बोलणार आहे, कारण तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे जायची वाट मला त्यातूनच दिसते.

सदराच्या इतर वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. जागा अलाहाबाद. चंदर हा विद्यापीठातला हुशार संशोधक, डॉ. शुक्लांचा लाडका विद्यार्थी, त्यांच्या घरात घरच्यासारखा वावरणारा. आईविना वाढलेली सुधा ही डॉक्टरांची मुलगी. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही, पण हे प्रेम आहे असं दोघांपैकी कुणी मोकळेपणी म्हणत नाही. डॉ. शुक्ला जातीतलं स्थळ बघतात, कैलासचं. सुधाची समजूत घालायचं काम चंदरकडे येतं आणि तो ते पार पाडतो. सुधा सासरी झिजत जाते. इकडे चंदर कडवट होतो. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या पम्मी या ख्रिश्चन बाईकडे ओढला जातो. सुधाची आतेबहीण बिनती त्याच्यावर जीव टाकते, तिलाही दुखावतो. शेवटी सुधा दिल्लीच्या इस्पितळात मरते. गंगेवर नावेतून तिची राख सोडताना चंदर त्यातलीच चिमूटभर राख बिनतीच्या भांगात भरतो.

कादंबरी 1949 ची. तेव्हापासून ती सतत छापली जातेय आणि तेव्हापासूनच तिच्यावरून वाद आहेत. हिंदीत पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुलामुलींनी ती रात्री जागून वाचली आणि समीक्षकांनी तिला कच्च्या वयाची भावुकता म्हणून बाजूला सारलं. तुमच्या दिवाणखान्यात जे झालं ते काही आक्रीत नव्हे. ही कादंबरी माणसांना मधल्या जागी उभं राहू देत नाही.

आता तुमच्या गटातल्या रडणाऱ्यांना आणि चिडणाऱ्यांना मी एकच विचारेन. कुठल्या पानावर? मला वाटतं, दोन्हीकडच्या बायका एकच पान उघडून दाखवतील. चंदर सुधाला लग्नाला राजी करतो, ते पान.

ते पान पुन्हा काढा आणि सावकाश वाचा. डॉ. शुक्ला हा प्रश्न स्वतः मुलीकडून सोडवून घेत नाहीत, त्यासाठी त्यांना चंदर लागतो. त्यांचा त्याच्यावर विश्वास आहे, आणि तो विश्वासच चंदरच्या गळ्याशी येतो. ज्यांनी आपल्याला हात दिला, घर दिलं, त्यांच्या घराशी दगा कसा करायचा? सुधा ऐकत नाही. चिडते, रडते, लग्नच करायचं नाही म्हणते. शेवटी ती होकार देते, पण तो कैलासला बघून दिलेला नसतो. चंदरच्या शब्दाखातर दिलेला असतो. आणि चंदर हे सगळं किती उदात्त भाषेत बोलतो! त्याग, विश्वास, प्रेमाला शरीरापलीकडे नेणं. शब्द इतके मोठे आहेत की वाचताना आपणही त्यांच्या मागोमाग जातो. एवढ्या सगळ्या बोलण्यात सुधाला काय हवंय याला जागाच उरत नाही.

तुम्ही त्या होकारासाठी रडता. तुमच्या मुलीला राग येतो तो होकार काढून घेणाऱ्याचा. तुम्हा दोघींना सुधाचंच दुःख झालंय. तुमच्या मुलीनं कादंबरी वरवर वाचली असती तर ती एवढी पेटली नसती. 'बोअर आहे' म्हणून तिनं पुस्तक मिटलं असतं.

राहिली 'आमच्या काळी असंच असायचं' ही गोष्ट. याकडे जरा नीट बघू या. सुधाच्या काळी जातीबाहेर लग्न करणं सोपं नव्हतं, हे खरंच. चंदर कपूर, सुधा शुक्ला. शिवाय त्याच्यावर त्या घराच्या उपकारांचं ओझं. पण ज्या 1949 साली ही कादंबरी आली, त्याच वर्षी देशात एक कायदा झाला. नवराबायकोची जात वेगळी आहे एवढ्या कारणावरून हिंदू विवाह अवैध ठरणार नाही, असं त्यानं स्पष्ट केलं. बाबासाहेबांचं हिंदू कोड बिल त्याच काळात सभागृहात अडून बसलं होतं. म्हणजे हा प्रश्न तेव्हा देशभर बोलला जात होता. आणि कादंबरीतच पुढे काय होतं बघा. बिनतीचं लग्न मांडवात मोडतं आणि जातीच्या चौकटीवरचा डॉ. शुक्लांचा स्वतःचाच विश्वास उडतो. ज्या माणसाच्या शब्दाला चंदर काळ्या दगडावरची रेघ समजला, तो माणूस बदलू शकत होता. चंदरनं एकदाही त्यांना विचारून पाहिलं नाही. लेखकानं ही गोष्ट ठळक करून सांगितलेली नाही, पण ती पानांत आहे. सुधाच्या मरणाहून मला ती जास्त अस्वस्थ करते.

तेव्हा 'काळ तसा होता' हे अर्धंच उत्तर झालं. तुमच्या मुलीला तेच अर्ध उत्तर मिळालं आणि ती उसळली.

पण तुमच्या बाजूनंही मला तितक्याच जोरानं बोलायचंय. या कादंबरीचा पहिला भाग मला मराठी-हिंदीतल्या कितीतरी 'भारदस्त' कादंबऱ्यांपेक्षा जिवंत वाटतो. सुरुवातच बघा. या शहराचं ग्रामदैवत नक्की कुणी रसिक, मनस्वी कलावंत असणार, असं म्हणत लेखक अलाहाबादच्या सकाळी, मोसम, बागा डोळ्यांसमोर आणतो. आणि मग ते घर. सुधाचे हट्ट, चंदरला बळेच खायला घालणं, खोड्या, रुसवे, तोंडाळपणा. घरात मनमोकळ्या वावरणाऱ्या दोन माणसांची जवळीक इतकी खरी लिहिणं सोपं नसतं. हे लिहिणारे भारती तेव्हा 22 वर्षांचे होते, तुमच्या मुलीहून चार वर्षांनी लहान. त्या वयाची धग या पुस्तकात आहे आणि त्या वयाचं आंधळेपणही आहे. तुम्ही तेव्हा जवळपास त्याच वयाच्या होतात. तुम्हाला ती धग लागली. मग आवड चुकली कुठे?

आता पुन्हा वाचताना काही पानं खटकली म्हणता. मलाही खटकतात. पम्मीची पानं मला मुळीच सोसत नाहीत. सगळं पवित्र ते सुधाच्या वाट्याला आणि सगळं शरीर ते पम्मीच्या, अशी वाटणी लेखकानं करून टाकलीय. त्यातही शरीराच्या बाजूला बसवायला बाई निवडली ती ख्रिश्चन. खरं तर प्रेमात शरीर असतं हे सरळ बोलणारी त्या पुस्तकात पम्मी जवळजवळ एकटीच आहे. तिचा तो भाऊ बर्टी, बायकोच्या दुःखात भरकटलेला, गुलाबांत रमणारा, तो एखाद्या वेगळ्या आणि चांगल्या कादंबरीतून आल्यासारखा वाटतो. पम्मी शेवटी नवऱ्याकडे परत जाते आणि कादंबरीला जणू सुटल्यासारखं होतं.

आणि तो शेवट. तुमच्या मैत्रिणी ज्यावर रडल्या तो. नावेत सुधाची राख बिनतीच्या भांगात भरतात ते वर्णन ताकदीचं आहे, मनातून जात नाही. पण बिनतीला कुणी विचारलं? तिच्या आईनं जन्मभर घालूनपाडून बोललेलं, मांडवात लग्न मोडलेलं, आणि आता कपाळी दुसरीची राख. लेखकाला तिथे मीलन दिसतं. मला एका मुलीनंतर दुसरी मुलगी न विचारता वापरलेली दिसते. पुढच्या बैठकीत या प्रसंगावर बोला. रडणाऱ्यांनाही बोलू द्या, कारण त्यांना तिथे काहीतरी दिसलंय जे मला दिसत नाही, आणि ते ऐकायला मला खरंच आवडलं असतं.

तुमच्या पत्रात गेसूचा उल्लेख नाही. गटात तिच्याबद्दल कुणी बोललं का? सुधाची ही मैत्रीण शेरोशायरीत रमणारी. ज्याच्यावर तिचा जीव, तो दुसरीशी निकाह लावतो. घाव तिलाही तेवढाच बसतो. पण ती त्या दुःखाचा सूड कुणावर उगवत नाही. चंदर उगवतो, पम्मीवर, बिनतीवर, सुधावरसुद्धा. प्रेमभंगानं माणूस वाईट वागतोच असं नाही, हे लेखकाला ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं गेसू लिहिली. चंदरला 'देवता' म्हणायचं की नाही याचं उत्तर हवं असेल तर गेसूची पानं वाचावीत.

मुख्याध्यापिकाबाईंबद्दल थोडंसं. 'समाजाला यातून काय मिळतं' हा वाद आपल्याकडे फडके आणि खांडेकरांपासून चालत आलाय. कलेसाठी कला की जीवनासाठी, यावर एके काळी महाराष्ट्रात घराघरांत तट पडले होते. तो वाद पुन्हा उकरण्यात मला रस नाही. बाईंना एवढंच विचारा की शाळेतल्या मुलींनी ही पुस्तकं वाचलीच नाहीत, असं त्यांना वाटतं का. मुली वाचतात, दप्तरात दडवून वाचतात. आणि दडवून वाचलेल्या पुस्तकाबद्दल त्यांना कुणाशी बोलता येत नाही. चंदरचे मोठाले शब्द मग तसेच मनात राहतात. सोळाव्या वर्षी एखाद्या शिक्षिकेनं हे पान समोर धरून 'इथे सुधाला काय हवं होतं?' असं विचारलं असतं तर किती मुलींचं भलं झालं असतं! बाईंचा अनुभव मोठा आहे. असं विचारण्यासाठी त्यांच्याइतकं योग्य माणूस तुमच्या गटात दुसरं नसेल.

लेखकाच्या संसाराचं म्हणाल तर, त्यांच्या पहिल्या पत्नी कांता भारती यांनी 'रेत की मछली' नावाची कादंबरी लिहिली आहे आणि पुष्कळ वाचक तिला या कादंबरीचं उत्तर मानतात. तुमच्या मुलीनं तेच वाचलं असणार. त्या दोघांच्या घरात काय घडलं याचा निवाडा करायला आपण तिथे नव्हतो. पण एका बाईनं लिहिलेली कादंबरी आहे, ती कादंबरी म्हणून अवश्य वाचा. फोनवरच्या चार ओळींवर भागवू नका.

आता एक गोष्ट सांगते, जी तुमच्या मुलीलाही माहीत नसेल असं वाटतं. भारतींचा सगळ्यात कठोर वाचक स्वतः भारतीच निघाले.

या कादंबरीनंतर तीनच वर्षांनी, 1952 मध्ये, त्यांची 'सूरज का सातवाँ घोड़ा' आली. लहानसं पुस्तक आहे. श्याम बेनेगलांनी 1992 मध्ये त्यावर चित्रपट केला, तो तुम्ही पाहिलाही असेल. माणिक मुल्ला नावाचा माणूस दुपारच्या वेळी मित्रांना प्रेमाच्या गोष्टी सांगतो. पण सांगतासांगता प्रत्येक गोष्टीतून हुंडा, पैसा, नोकरी, घरची ओढाताण बाहेर पडू लागते. त्यात सत्ती नावाची मुलगी आहे, साबण विकून पोट भरणारी, कंबरेला चाकू बाळगणारी. जीव वाचवायला ती रात्री माणिककडे येते, त्याच्यावर भरवसा ठेवून. आणि माणिक घाबरतो. ज्यांच्यापासून ती पळून आलीय त्यांच्याच हाती ती परत पडते, ती त्याच्यामुळे. म्हणजे चंदरचाच भेकडपणा. पण या वेळी लेखकानं त्यागाची, पावित्र्याची झूल त्यावर टाकलेली नाही. भेकडपणा म्हणजे भेकडपणा, असं सरळ दाखवून दिलंय.

पुढे 1959 मध्ये आली 'कनुप्रिया'. ती राधेच्या तोंडची दीर्घ कविता आहे. कृष्ण युद्धाला, इतिहासाला निघून गेलेला आणि मागे राहिलेली राधा त्याला प्रश्न विचारते. तुझ्या लीलाभूमीपासून युद्धभूमीपर्यंत जायला मी नुसता पूल होते का? माझ्या त्या तन्मय क्षणांना तुझ्या इतिहासात काही अर्थ आहे की नाही? सुधानं जे विचारायला हवं होतं आणि जे तिच्या तोंडून कधी निघालं नाही, ते सगळं राधा विचारते. 1949 ची सुधा, 1952 ची सत्ती, 1959 ची राधा. या तिघींना ओळीनं वाचलं की कळतं, सोडून दिलेली बाई या लेखकाच्या मनातून दहा वर्षं गेली नव्हती. पुढच्याच वर्षी ते 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकाचे संपादक म्हणून मुंबईला आले आणि मग आपलेच झाले. वांद्र्याच्या साहित्य सहवासात, मराठी लेखकांच्या शेजारात राहिले. 1997 मध्ये मुंबईतच गेले.

तेव्हा गट मोडू नका. इतक्या वर्षांत तुमच्या गटात बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी मनातलं बोललं असेल. पुढची बैठक याच कादंबरीवर घ्या, नवीन पुस्तक काढू नका. या वेळी 'आवडली की नाही' हा प्रश्न बाजूला ठेवा. प्रत्येकीनं एक पान निवडून आणायचं, ते मोठ्यानं वाचायचं आणि मग बोलायचं. पान समोर असलं की एकमेकींवर घसरायला वाव कमी राहतो. अबोला धरलेल्या दोघींना शेजारी बसवा आणि एकाच प्रतीतून वाचायला सांगा. समजूत घालायला जाऊ नका, त्या आपल्या आपण बोलतील. मग त्यापुढच्या महिन्यात 'सूरज का सातवाँ घोड़ा' घ्या. रडणाऱ्या आणि चिडणाऱ्या या वेळी कुठे बसतात, ते मला जरूर कळवा.

आणि मुलगी.

तिनं तो प्रश्न बाहेरच्या बायकांसमोर विचारायला नको होता. हे तिला सांगायचा तुम्हाला हक्क आहे आणि तुम्ही तो वापरा. 'तू मला सगळ्यांसमोर विचारलंस ते मला लागलं', इतकं साधं सांगा. गिळून टाकू नका. सुधा गिळतच राहिली होती.

पण तो प्रश्न पुन्हा एकदा ऐका. 'म्हणजे तूही सुधाच का, आई?' मला त्यात उद्धटपणा कमी आणि धसका जास्त ऐकू येतो. तिच्यासमोर तुम्ही रडत होता आणि म्हणत होता, असंच असायचं. सव्वीस वर्षांच्या मुलीनं त्यातून काय समजायचं? आपली आई कुणाच्या तरी शब्दाखातर या घरात आली का? मनाविरुद्ध जगली का? आणि तसं असेल तर त्या संसारात आपण कोण? कुठल्याही लेकीला हा विचार सहज पेलत नाही. तो तिच्या तोंडून धारदार होऊन बाहेर पडला.

याचं खरं उत्तर काय आहे ते तुम्ही मला लिहिलेलं नाही. मी विचारणारही नाही. गटाला ते सांगायला तुम्ही बांधलेल्या नाही. मुलीला मात्र उत्तर द्या, कारण तिनं मनापासून विचारलंय. फोनवर नको, फोनवर तुम्ही दोघी जेवणाखाण्याच्या पलीकडे जाणार नाही. पत्र लिहा. तुम्ही मला इतकं नेमकं लिहू शकता, तर तिला नक्कीच लिहू शकाल. उत्तर 'नाही' असेल तर तसं लिहा आणि मग तुम्ही कुठल्या सुधासाठी रडता तेही लिहा. कदाचित ती तुमची एखादी मैत्रीण असेल, बहीण असेल, किंवा खरोखर फक्त पुस्तकातली सुधा असेल. तेवढंही पुरेसं असतं. उत्तर 'थोडीशी होते' असं असेल तर त्या 'थोडीशी'त काय काय येतं, हे जितकं सांगावंसं वाटेल तितकंच सांगा. तिच्या बाबांबद्दल जे चांगलं आहे ते न विसरता सांगा. कादंबरीतला कैलासही वाईट माणूस नव्हता, हे तिलाही आठवत असेल. फक्त 'आमच्या काळी असंच असायचं' हे वाक्य पत्रात येऊ देऊ नका. त्या वाक्यापुढे तिला काहीच विचारता येत नाही.

पत्राबरोबर 'कनुप्रिया' पाठवा. सीताबर्डीवरून घेतलेली 'गुनाहों का देवता'ची ती प्रत मात्र पाठवू नका, ती तुमच्याजवळच राहू द्या. मुलगी लगेच उत्तर देणार नाही. पंधरा दिवस, महिना, जास्तही लागेल. मध्ये 'वाचलंस का' असं विचारू नका. जेवणाखाण्याचे फोन चालू राहू देत.